आजीवाल्या व्हिडिओत तथ्य किती?

उनाडमुक्ता: आई बासष्टची, तब्येत ठणठणीत, भजनी मंडळ जोरात. भावाला मुलगी झाली आणि त्याने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला: पाळी गेल्यावरही बायका इतकी वर्षं जगतात त्या नातवंडं सांभाळायलाच, म्हणे विज्ञानाने सिद्ध झालंय. आईने नुसता नमस्काराचा इमोजी टाकला. हे खरंच सिद्ध झालंय, की मागाहून रचलेली गोष्ट?

शंकेखोर: रचलेली. पूर्वी माणसं पस्तिशीत जायची, आज्या होत्याच कुठे?

रानकंद: शंकेखोर, सरासरीने घोळ केला तुमचा. लहान मुलं फार दगावली की सरासरी आयुर्मान खाली येतं. पंचेचाळिशी गाठलेली बाई पुढे वीसेक वर्षं सहज काढते.

मी मानववंशशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते. टांझानियात एयासी सरोवराच्या आसपास हाड्झा लोक राहतात, शिकार आणि कंदमुळांवर. 1980च्या दशकात क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी तिथे कोण किती वेळ राबतं ते टिपलं, मुलांची वजनं घेतली. तिथला एक कंद खडकाळ जमिनीत खोल असतो. चिमुरड्यांना तो निघत नाही. म्हाताऱ्या बायका टोकदार काठीने दगड सैल करत, बसल्या जागी तासन्‌तास उकरतात. आई तान्ह्यात अडकली, की थोरल्याचं वजन वाढणं आजीच्या मेहनतीशी जुळतं, असं दिसलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्टच म्हटली असती. पण ती चुकू शकेल अशा जागी तपासली गेली. फिनलंड आणि कॅनडातल्या जुन्या नोंदींवरचा 2004 चा अभ्यास: पन्नाशीनंतर बाई जितकी जगली, त्यातल्या दर 10 वर्षांमागे सुमारे 2 नातवंडं जास्त. गॅम्बियाच्या खेड्यांत आईची आई हयात असली तर मुलं जास्त वाचली. वडिलांच्या आईने विशेष फरक पडला नाही. आणि जर्मनीतल्या क्रुमहॉर्नच्या 18व्या-19व्या शतकातल्या नोंदींत सासू हयात असेल तर तान्ही बाळं उलट जास्त दगावलेली!

म्हणजे आजी उपयोगी पडते, पण कुठली आजी आणि कुठे, यावर बरंच अवलंबून. शिवाय पाळी *का* थांबते हा प्रश्न वेगळाच; चिंपांझी माद्यांचीही प्रजननक्षमता चाळिशीच्या पुढे ओसरते. खरं कोडं त्यानंतरच्या आयुष्याचं आहे. आणि हाड्झा आजी कंद उकरते यावरून तुमच्या आईने भजन सोडावं असं कुठल्याच आकड्यातून निघत नाही.

जाता जाता: तुमची आई त्या बाळाच्या *वडिलांची* आई ना? क्रुमहॉर्नचं भावाला नक्की सांगा.

उनाडमुक्ता: सांगितलं. म्हणतो, "ते जर्मनीतलं, आपल्याला लागू नाही."

शंकेखोर: मग हाड्झा काय सांगलीचे?