वैद्यकीय प्रवेशासाठी पदवीला जीवशास्त्रच घ्यावे का?

पिंपळपान : अमेरिकेत डॉक्टर होण्यासाठी साधारणपणे आधी चार वर्षांची पदवी, त्यातच एमकॅट ही प्रवेशपरीक्षा आणि मग चार वर्षांचे एमडी असा क्रम असतो. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीला पदवीला इतिहास घ्यायचा आहे आणि ‘नीट’च्या चाकोरीत विचार करणाऱ्या घरच्यांना वाटते, की तिने डॉक्टरकीवर पाणी सोडले. मला हे पटत नाही. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये मुख्य विषयाची अट घालत नाहीत. जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे ठरावीक अभ्यासक्रम मात्र मागतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायने तर १९८७ मध्येच मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांना आगाऊ प्रवेश देणारी योजना सुरू केली.

काठावरचा : नियमाने मोकळीक दिली म्हणून वेळापत्रक देत नाही. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचे हे बरेचसे अभ्यासक्रम पदवीतच मोजले जातात. इतिहासाच्या विद्यार्थिनीला प्रबंध आणि प्रयोगशाळा दोन्ही सांभाळाव्या लागतील. शिवाय अर्जात विज्ञान व गणिताच्या गुणांची सरासरी वेगळी काढतात. असे अभ्यासक्रम मोजकेच असले, की सेंद्रिय रसायनातली एक खराब श्रेणीसुद्धा ती सरासरी खाली ओढते.

पिंपळपान : हेच गणित उलटेही चालते, कारण जीवशास्त्रवाल्याचा वरच्या वर्गातला प्रत्येक अवघड विषय त्याच सरासरीत जातो. एमकॅटच्या चार विभागांपैकी एकात ९० मिनिटांत ५३ प्रश्न केवळ उताऱ्यांच्या आकलनावर असतात आणि ते उतारे मानव्यविद्या व समाजशास्त्रांतले असतात. मानव्यविद्यांच्या अर्जदारांचे प्रवेशाचे प्रमाणही जीवशास्त्रवाल्यांपेक्षा कमी नाही.

काठावरचा : त्या प्रमाणाने मला कधीच भुरळ घातली नाही. इतिहास घेऊन शेवटी अर्जापर्यंत पोहोचणारे मुळातच थोडे आणि जिद्दीचे असतात; त्यांच्या यशाचे श्रेय विषयाला कसे देणार?

सातासमुद्रापार : दोघांनीही एक बाब सोडली आहे. एमडीसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना त्या वर्षी कुठेही प्रवेश मिळत नाही, तेव्हा नुसत्या पदवीवर काय करता येईल हे आधी पाहावे. पुण्या-मुंबईहून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना तर फारच थोडी वैद्यकीय महाविद्यालये घेतात. त्यांना पदवीनंतर कामासाठी १२ महिने मिळतात आणि विज्ञानशाखेच्या पदवीवर आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. इतिहासाच्या पदवीवर ती नाही. भाची तिथली नागरिक आहे का?

पिंपळपान : होय, जन्माने. त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही. तिच्या महाविद्यालयात मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर करायचा आहे. घरात वाद मात्र आत्ताच पेटला आहे.

काठावरचा : मग इतिहास खुशाल घेऊ द्या, पण सामान्य रसायनशास्त्र पहिल्याच सत्रात घ्यायला सांगा. ते लांबले, की सेंद्रिय लांबते, त्यामागे जैवरसायन आणि त्यामागे एमकॅट.