सोसायटीच्या ग्रुपवर आलेला तो व्हिडिओ

नमस्कार मंडळी,

आई मुलुंडला एकटी राहते. परवा रात्री तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका लहान मुलीचा व्हिडिओ आला. त्यात काय होतं ते लिहीत नाही. खाली मजकूर होता, ‘या नराधमाला ओळखा, पकडला जाईपर्यंत शेअर करा.’ सकाळपर्यंत तो तिन्ही विंगांमध्ये फिरला होता. पुढे पाठवणाऱ्यांत वाईट कुणीच नाही. यांच्याच घरचा साखरभात खाऊन मी मोठी झाले.

आईने शेजारच्या काकूंच्या फोनवरून मला कॉल केला. स्वतःचा फोन टेबलावर पालथा घालून त्यावर तिने भाजी निवडायचं ताट ठेवलं होतं. “हात लावायला धजत नाही गं,” म्हणाली. व्हिडिओ मला पाठवते, तू तिकडून तक्रार कर, असं तिचं म्हणणं. मी पाठवू दिला नाही. मामा म्हणतोय, डिलीट कर आणि गप्प बस, नाहीतर कोर्टकचेरी मागे लागेल.

इथे इंग्लंडमध्ये १९९६ पासून इंटरनेट वॉच फाउंडेशन आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे फोटो-व्हिडिओ असलेल्या वेबसाइटचा पत्ता कुणीही नाव न देता त्यांना कळवू शकतं. पण मुलुंडच्या ग्रुपवरच्या व्हिडिओचं काय करायचं? वकीलकाका, तुम्ही पार्ल्याला परतलात तरी आपल्या या मेलिंग लिस्टवर आहात म्हणून विचारते.

— रेडिंगहून

अगं बाळ,

पाठवू दिला नाहीस हे फार बरं केलंस. आयटी कायद्याचं कलम ६७ब असा मजकूर पसरवणाऱ्याला पहिल्याच खेपेला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड सांगतं. ‘गुन्हेगार सापडावा म्हणून पाठवला’ या सबबीवर कुणी विसंबू नये. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेव. ती पोर कुठेतरी जिवंत असेल, शाळेत जात असेल. तिचा तो दिवस आज तीन विंगांतल्या दिवाणखान्यांत पुन्हा चालू आहे.

मामांचा सल्ला मात्र उलटा. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र ना दिवाणी जबाबदारी येते, ना फौजदारी. हे वाक्य त्यांना वाचून दाखव. माझ्या अख्ख्या वकिलीत लोक मामांसारखेच घाबरलेले पाहिले आणि त्या भीतीचा फायदा दरवेळी अत्याचार करणाऱ्याला झाला.

आईला म्हणावं, कुणी पाठवला, किती वाजता, ग्रुपचं नाव काय, एवढं कागदावर लिहून घ्या. व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढू नका. मग ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांसाठीच्या विभागात तक्रार करता येते, नाव न देतासुद्धा. पण पुढे काय झालं ते बघायचं असेल तर नाव द्यावं लागतं. जवळचं पोलीस ठाणंही चालेल. लोक सरसकट १९३० ला फोन लावतात, पण तो नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. एखादं मूल आत्ता संकटात आहे असं कळलं तर १०९८. ती हेल्पलाइन १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. आणि वेबसाइटची लिंक असेल तर कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ या संस्थेचा ‘आरंभ इंडिया’ हा उपक्रम बघ. तुझ्या त्या इंग्लंडच्या संस्थेबरोबर त्यांनी २०१६ साली भारतासाठी तक्रारीचं पान सुरू केलं.

व्हॉट्सॲपमध्येही तो मेसेज ‘रिपोर्ट’ करता येतो. एक गोष्ट सगळेच विसरतात. फोन आपोआप गॅलरीत एक प्रत ठेवतो आणि फोटोंचा बॅकअप चालू असेल तर तिथेही. तक्रार नोंदवल्यावर पोलिसांना विचारून त्याही डिलीट करायच्या.

शिवाय ‘चाइल्ड पॉर्न’ म्हणू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द न्यायालयांनीही वापरू नये असं सांगितलं. हा अत्याचाराचा पुरावा आहे, आणि तो तसाच म्हणावा.

— पार्ल्याचे काका

काका,

आईने काल तक्रार केली. नाव न देता करता येईल म्हटलं तर म्हणाली, “नाव लपवायला मी काय चोरी केलीय?” तक्रारीचा नंबर तिने कालनिर्णयच्या पानावर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवलाय. नंतर काकूंना घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या मॅडमनी फोन बघून नोंद घेतली आणि बाकीच्यांनाही व्हिडिओ डिलीट करायला सांगा म्हणाल्या.

मग दोघी संध्याकाळी दारोदार फिरल्या. गॅलरीतून, बॅकअपमधून, सगळीकडून तो डिलीट करायला लावला. ज्यांनी आधी पाठवला होता ते काका दारातच रडले, म्हणे, मला वाटलं मदत होतेय. बी विंगमधली दोन घरं बंद आहेत, मंडळी गावी गेलीत. रविवारी परतणार आहेत. आईने गाडीची वेळ विचारून ठेवलीय.

— रेडिंगहून