नव्या शहरात वस्ती कशी निवडलीत? मराठवाड्यातले अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. यजमानांची बदली शेंद्रा एमआयडीसीत झाली आहे आणि शाळा सुरू व्हायच्या आत आम्हाला हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरला बिऱ्हाड हलवायचं आहे. दोन मुलं आणि सासूबाई सोबत. एजंट रोज फोटो पाठवतात. फोटोत टाइल्स दिसतात, ओटा दिसतो. नळाला पाणी कधी येतं, रात्री रिक्षा मिळते का, शेजार कसा आहे, हे दिसत नाही. म्हणून हा धागा काढला.

मला फक्त संभाजीनगरचंच ऐकायचं आहे असं नाही. लातूर, नांदेड, परभणी, जालना, बीड, धाराशिव, जिथे तुम्ही परके म्हणून गेलात तिथे राहायचा भाग कसा ठरवला ते लिहा. कुणाला विचारलंत, काय पाहिलंत, राहायला गेल्यावर काय कळलं. सविस्तर लिहिलंत तर माझ्यासारख्या अनेकींना उपयोग होईल.

सिडको, संभाजीनगर

ताई, नोकरी शेंद्र्याला असेल तर शहराची पूर्व बाजू सोडू नका. वाळूजकडे बजाजनगर, रांजणगाव इथे भाडं परवडतं, पण ते शहराचं दुसरं टोक. जालना रोडची गर्दी कापत रोज शेंद्रा गाठायचं म्हटलं तर यजमान घरी फक्त झोपायला येतील. आम्ही आधी कंपनीच्या बसचा थांबा कुठे आहे ते विचारलं आणि थांब्यापासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरात घर शोधलं. सिडकोचे एन सेक्टर, मुकुंदवाडी, चिकलठाणा, एवढाच टापू पाहिला. रात्रपाळी सुटल्यावर माणूस पायी घरी येतो, याचं मोल राहायला लागल्यावर कळतं.

पाण्याचं मात्र नीट ऐका. पैठणचा नाथसागर काठोकाठ भरलेला असला तरी शहरात नळाला आठवड्याने पाणी येतं असे भाग आम्ही पाहिले आहेत, काही ठिकाणी त्याहूनही उशिरा. तेव्हा घर दाखवायला नेतील तेव्हा हॉल नंतर पाहा, आधी जमिनीखालचा हौद उघडायला सांगा. किती लिटरचा, किती कुटुंबांत वाटलेला, मोटार कुणाची, तिचं बिल कुणाच्या मीटरवर. आमच्या आधीच्या घरी तीन भाडेकरूंत एक हौद होता. पाण्याच्या दिवशी पहाटेपासून वाद. माणसं वाईट नव्हती, पाणी कमी होतं. आताच्या घरात प्रत्येक मजल्याची टाकी वेगळी आहे, त्याचं भाडं जास्त देतो आणि ते मला जड वाटत नाही.

सासूबाई सोबत आहेत म्हणून आणखी एक: सिडकोत बागा आहेत, देवळं आहेत, रस्त्याने म्हाताऱ्या माणसाला चालता येतं. माझ्या सासूबाईंना पहिल्याच चातुर्मासात हरिपाठाच्या मैत्रिणी मिळाल्या. गाव सुटल्याचं दुःख घरात सगळ्यात जास्त त्यांनाच होतं, म्हणून त्यांचा दिवस कसा जाईल हे आम्ही शाळेइतकंच महत्त्वाचं मानलं.

लातूर, मुलीच्या शिक्षणासाठी

मी गंगाखेड तालुक्यातली. मुलगी अकरावीला लातूरला आली आणि तिच्यासोबत मी. हे गावाकडं शेती बघतात. लातूरला अशा आया गल्लोगल्ली आहेत, एकेका इमारतीत बीड, परभणी, नांदेड, हिंगोली असे सगळे जिल्हे सापडतात.

इथं खोली क्लासच्या वेळेवर ठरते. सकाळी लवकरची बॅच, दुपारी कॉलेज, संध्याकाळी टेस्ट, मग अभ्यासिका. मुलगी रात्री उशिरा परतणार हे धरूनच चालायचं. म्हणून मी दिवसा खोल्या पाहिल्या आणि अंधार पडल्यावर क्लासपासून खोलीपर्यंतचा रस्ता स्वतः चालून पाहिला. दिवे कुठं आहेत, टपरीवर कोण उभं राहतं, भाजीवाल्या बाया किती वाजेपर्यंत बसतात. बाया बसलेल्या असल्या की रस्ता चालता राहतो, पोरीला भीती वाटत नाही. अगदी क्लासला लागून असलेल्या खोल्या मला पटल्या नाहीत. मधे प्लायवूड मारून एकीच्या दोन केलेल्या, खिडकी एकीलाच. थोडं पुढं खाडगाव रोडच्या बाजूला गेलं की हवा येणारी खोली मिळते. दहा मिनिटं चालणं पोरींना चांगलंच.

कधी शोधायचं हेही सांगते. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की बारावीची लेकरं जातात आणि खोल्या रिकाम्या होतात. दहावीचा निकाल लागला की झुंबड उडते. मधल्या दिवसांत जा. आम्ही तेव्हाच गेलो, तर मालकीणबाईंनी निवडायला खोल्या दाखवल्या आणि दोन वर्षं भाडं वाढवणार नाही असं कागदावर लिहून दिलं.

पाण्याचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पाणी येऊलालंय की, बोअर बी हाय." मी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंना वेगळं विचारलं की एप्रिलमध्ये बोअर किती वेळ चालतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर आहे. इथं उन्हाळ्याची साक्ष भाडेकरूचीच घ्यावी.

लातूर, औसा रोड

लातूरचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचं मूळ गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आईने अंगावर काढली आहे. शहरात घर शोधताना तिची अट एकच होती, तळमजला आणि दारासमोर मोकळी जागा. चांगले फ्लॅट हातातून गेले, नातेवाइकांनी समजावून पाहिलं. आम्ही अट मोडली नाही. जुन्या कॉलनीत अंगणाचं छोटं घर मिळालं. ज्यांच्या घरी त्या पहाटेची माणसं आहेत त्यांनी त्यांचं ऐकावं, एवढंच मनापासून सांगायचं आहे.

बीड

थोडक्यात लिहितो. नदीकाठचं शहर असेल तर जुन्या दुकानदाराला पुराची खूण विचारा. बीडला मी विचारलं, १९८९ ला बिंदुसरेचं पाणी कुठवर चढलं होतं? त्यांनी दुकानाबाहेर येऊन हात करून दाखवलं. त्या खुणेच्या वरच्या अंगाला घर घेतलं.

नांदेड, रुग्णालयात परिचारिका

नांदेडमध्ये गोदावरीच्या कोणत्या काठाला तुमचं काम आहे ते आधी पाहा. माझी ड्युटी विष्णुपुरीला, म्हणजे नदीच्या दक्षिणेला. सगळ्यांनी तरोडा सुचवलं, कारण तिकडे नव्या कॉलन्या आहेत आणि आमच्या गावची माणसं आहेत. पण तरोडा उत्तरेला. तिथून विष्णुपुरी म्हणजे अख्खं शहर आणि वर पूल ओलांडायचा, तोही रात्रीच्या ड्युटीला. मी दक्षिण काठचे नांदेडचे सिडको आणि कौठा हेच दोन भाग पाहिले आणि कौठ्यात राहिले. पावसाळ्यात विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की नावघाटाकडच्या सखल भागात काय होतं ते रुग्णालयात आलेल्या लोकांकडून ऐकलं आहे, त्यामुळे नदीच्या अगदी कडेची घरं मी बघितलीच नाहीत.

एकट्या बाईला घर देताना मालक फार चौकशी करतात. "मिस्टर कुठं असतात? येणारं-जाणारं कोण?" मी प्रत्येक ठिकाणी पहिल्याच भेटीत सांगितलं की मी एकटी राहणार, रात्री-अपरात्री ड्युटीवरून येणार, गेटची किल्ली माझ्याकडे लागेल. ज्यांनी किल्लीला नकार दिला तिथं पुढे बोलणंच केलं नाही. ज्या काकूंनी किल्ली दिली त्यांच्याकडे आजही आहे. रात्री गाडीचा आवाज आला की त्या पोर्चचा दिवा लावतात. भगिनींनो, बाकी सगळं जुळवून घेता येतं, गेटच्या किल्लीवर तडजोड करू नका.

संभाजीनगर, शहरात पहिली नोकरी

वर सगळ्यांनी पाणी, रस्ता, पूर लिहिलं. मला आडनावाबद्दल लिहायचं आहे. फोनवर "या ना, खोली रिकामीच आहे." दारात गेल्यावर पूर्ण नाव विचारलं जातं आणि लगेच "अहो, कालच एकांना शब्द दिला." हे माझ्यासोबत वेगवेगळ्या गल्ल्यांत झालं. माझ्या मुस्लिम मित्राला तर काही ठिकाणी फोनवरच नकार मिळाला. भाग निवडणं म्हणतात ते सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. आपल्यातले घरमालकही हे वाचत असतील, म्हणून स्पष्ट लिहितो आहे.

नंतर मी फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगायला लागलो. नकार यायचा तो तिथेच यायचा, रिक्षाचं भाडं आणि उन्हातली पायपीट वाचायची. शेवटी ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या ओळखीने उस्मानपुऱ्यात एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "पुस्तकं किती आहेत? माळा रिकामा करून देतो." त्यांच्याकडे राहून मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, त्यांच्या नातवाला गणित शिकवलं. नव्याने येणाऱ्या मुलांनो, ब्रोकरच्या आधी आपल्या कामाच्या ठिकाणची माणसं गाठा.

परभणी

परभणीला दोन गोष्टी बघाव्यात, ऊन आणि माती. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. वरच्या मजल्यावरची पश्चिमेला भिंत असलेली खोली रात्री बारापर्यंत गरम राहते, लहान लेकरू घेऊन तिथं राहवत नाही. आणि माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया खोल नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. भिंतीवर तेवढाच पट्टा नवा रंगवलेला दिसला तर विचारा. नव्या लेआउटमध्ये रस्ता डांबरी आहे का तेही पाहा. नसेल तर पावसाळ्यात गाडीच्या मडगार्डमध्ये चिखल बसतो, चाक फिरत नाही, शाळेची रिक्षा आत यायला तयार होत नाही. वसमत रोडला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांचं चार महिने हेच चालतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. हौद, बसचा थांबा आणि गेटची किल्ली वहीत लिहून घेतलं. उस्मानपुऱ्याच्या दादांचं लिहिलेलं यजमानांना वाचून दाखवलं, आमचं हिंगोलीचं घर भाड्याने द्यायचं आहे, त्यावर घरात बोलणं झालं. एक विचारते: सातारा, देवळाईकडे छोटं घर विकत मिळेल असं एकजण सांगत आहेत. घ्यावं का?

संभाजीनगर, सातारा परिसर

ताई, आम्ही तिकडेच राहतो. डोंगराची हवा आहे, खंडोबाचं देऊळ आहे, मन रमतं. पण विकत घेताना पहिला प्रश्न हा, प्लॉट एनए (बिगरशेती) आहे की गुंठेवारीचा? शेतजमिनीचे विनापरवाना तुकडे पाडून बाँडपेपरवर विकलेले प्लॉट या भागात पुष्कळ आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने जुन्या बांधकामांना नियमित व्हायची वाट दिली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना खुली झाली. वाट खुली आहे म्हणून समोरचं घर नियमित झालं असं होत नाही. त्या घराचं प्रमाणपत्र हातात घेऊन बघा. "फाईल टाकलेली आहे" यावर बयाणा देऊ नका. माझं मत विचाराल तर वर्षभर भाड्याने राहा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या गल्लीत काढा, मग ठरवा. यजमानांना शेंद्र्याला जायला बीड बायपास आहे, पण गर्दीच्या वेळी एकदा गाडी चालवून बघायला सांगा.

बीड बायपास, पाण्याचा टँकर चालवतो

ताई, मी लिहिणारा माणूस नाही, पण हे आम्हाला जेवढं माहीत असतं तेवढं एजंटला नसतं. ज्या गल्लीतून फेब्रुवारीतच फोन सुरू होतात तिथले बोअर गेलेले असतात. ज्या सोसायटीत मेच्या शेवटी एखादी खेप लागते तिथं पाणी बरं आहे. टँकर भरतो त्या ठिकाणी जाऊन पोरांना गल्ली सांगितली तर लगेच सांगतील, आम्हाला लपवून काय करायचं.

दुसरं, गल्ली अरुंद असली की टँकर आत वळत नाही. मग लांबून पाइप टाकायचा, त्याचे पैसे वेगळे, वेळ वेगळा. तुमच्याकडं वयस्कर माणूस आहे, रात्री अँब्युलन्स बोलवायची वेळ आली तर तीही तिथं वळणार नाही. घर बघायला जाल तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एवढं बघाच. दोन-तीन पत्ते ठरले की फक्त गल्ली आणि चौक इथं लिहा, मागच्या उन्हाळ्यात तिथं किती खेपा केल्या ते सांगतो.