मदत हवी आहे : आजोबांच्या अंगठीतला लसण्या क्रिसोबेरिल की क्वार्ट्झ?

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या चांदीच्या अंगठीत लसण्या (कॅट्स आय, म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखी उजळ रेघ दिसणारा खडा) आहे. त्यांच्या पश्चात दागिन्यांची वाटणी चालू आहे आणि या खड्याची किंमत काय धरायची, यावर सगळं अडलंय. एक सराफ म्हणाले, ‘अस्सल कॅट्स आय आहे, जपून ठेवा.’ म्हणजे क्रिसोबेरिल हे महागडं खनिज. दुसरे म्हणाले, ‘क्वार्ट्झ आहे, फार काही यायचं नाही.’ दोघांनीही भिंग लावलं नाही. अंगठी आत्याकडे जाणार आहे. फुगवलेली किंमत तिच्या हिश्शातून वजा होऊ नये, म्हणून मला याचा छडा लावायचाय.

खडा कोंदणातून सुटलाय, त्यामुळे नीट बघता आला. रंग मधाळ, किंचित हिरवट झाक. वरून घुमटाकार, तळ खडबडीत, पॉलिश न केलेला. अंधारात मोबाइलचा टॉर्च वरून धरला की पांढरी रेघ उमटते आणि खडा कलता केला की सरकते. मात्र कडेकडे जाताना ती पसरते, फिकी होते. दहापट भिंगातून बाजूने पाहिलं, षटकोनी जाळी कुठेच नाही. म्हणजे फायबर ऑप्टिकची काच (बारीक काचतंतूंपासून केलेला नकली कॅट्स आय) नसावी.

मग वजन केलं. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. खडा १.०६ ग्रॅम, म्हणजे ५.३ कॅरेट. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि खडा बारीक दोऱ्याने, तळाला न टेकवता, पाण्यात सोडला. आकडा ०.४० ने वाढला. १.०६ भागिले ०.४० म्हणजे घनता २.६५, अगदी क्वार्ट्झची. क्रिसोबेरिलची घनता ३.७ च्या पुढे असते, तो असता तर आकडा ०.२८ च्या आसपास थांबायला हवा होता. बुडबुडा चिकटला तर घनता कमी येते हे खरं, पण एवढा फरक पडायला बुडबुडा डोळ्यांना सहज दिसण्याइतका मोठा लागेल.

आता प्रश्न असे :
एवढ्यावर ‘क्वार्ट्झ’ असं घरच्यांना ठामपणे सांगता येईल का? प्रयोगशाळेत दिला तर नेमकं काय लिहून मागायचं? आणि पहिले सराफ रत्तीचा भाव सांगतात, दुसरे कॅरेटचा, तर तुलना कशी करायची?

---

प्रतिसाद :

वजनाची पद्धत बरोबर आहे. तरी वाटणीचा मामला आहे, त्यामुळे कागद हवाच. घुमटाकार खड्याचाही अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) मोजता येतो : क्वार्ट्झचा १.५४-१.५५, क्रिसोबेरिलचा १.७५ च्या जवळ. काचेची शंका मात्र नुसत्या या आकड्यावरून मिटेलच असं नाही, तेही तपासायला सांगा. मुंबईत जीआयए, आयजीआय या रत्नपरीक्षण संस्थांच्या प्रयोगशाळा आहेत. अहवालात खनिजाचं नाव आलंच पाहिजे. रत्नशास्त्रात नुसतं ‘कॅट्स आय’ म्हणजे क्रिसोबेरिलच, बाकीच्यांना ‘क्वार्ट्झ कॅट्स आय’, ‘सिलिमनाइट कॅट्स आय’ असं पूर्ण नाव लावावं लागतं. दुकानाच्या कार्डावर मात्र बऱ्याचदा ‘नॅचरल कॅट्स आय’ एवढंच असतं. क्वार्ट्झही नैसर्गिकच असतो, म्हणून ते खोटं ठरत नाही आणि गिऱ्हाईक फसतं.

क्रिसोबेरिल निघालाच, तर रेघ बघा : बारीक, सरळ, मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रकाश बाजूने टाकला की चांगल्या खड्याचा दिव्याकडचा अर्धा भाग मधाळ आणि पलीकडचा दुधाळ दिसतो. खडा जितका पारदर्शकतेकडे झुकलेला तितका भाव चढा. तळ खोल ठेवलेला असेल तर ते वजन रेघेच्या काही कामाचं नसतं, पैसे मात्र त्याचेही मोजले जातात.

रत्तीचं म्हणाल तर ती बाजारागणिक बदलते, कॅरेट सगळीकडे २०० मिलिग्रॅम. दोघांकडूनही कॅरेटचाच भाव लेखी घ्या. आणि खडा प्रयोगशाळेत द्याल तेव्हा पावतीवर ५.३ कॅरेट हे वजन लिहून घ्यायला विसरू नका.