सल्ला हवा: फ्रीज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीला माणूस येणार, घरी आई एकटी. काय तयारी ठेवू?

रानजाई

नमस्कार मंडळी. आईकडच्या डबल डोअर फ्रीजचा वरचा फ्रीझर व्यवस्थित चालतोय, बर्फ होतोय, पण खालचा कप्पा जवळजवळ गरमच. त्यातच तिची फ्रंट लोड वॉशिंग मशीन पाणी बाहेर टाकेनाशी झाली आहे. मध्येच थांबते, स्क्रीनवर कोड येतो, दार उघडत नाही. कपडे आतच अडकलेत. दोन्हींची कंप्लेंट नोंदवली आहे, परवा सकाळी माणूस येईल.

मी दुसऱ्या गावी आहे आणि परवा सुट्टी मिळणं शक्य नाही. आई सत्तरीच्या पुढची. तब्येत ठणठणीत, पण मशीनच्या बाबतीत समोरचा सांगेल ते खरं मानते. फ्रीजला मागेही हाच त्रास झाला होता. तेव्हा आलेल्या माणसाने बघितलं, "काही बिघाड नाही" म्हणाला आणि गेला. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. आईची एक सवय सांगते: कोणी येणार म्हटलं की ती आदल्या रात्री फ्रीज बंद करून, आतून लख्ख पुसून ठेवते.

आधी काय करून ठेवावं, कशाला हात लावू नये आणि आईने त्याला नेमकं काय सांगावं?

पानापक्कड

ताई, मी घरोघरी जाऊन फ्रीज-एसीची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मागच्या वेळी त्या माणसाला बिघाड का दिसला नाही, याचं उत्तर तुम्ही शेवटी सांगितलेल्या आईंच्या सवयीत आहे.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये गारवा तयार करणारी कॉइल बहुतेक वेळा एकच असते, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. तिथून पंखा हवा ढकलतो आणि तीच हवा नळीवाटे खालच्या कप्प्यात उतरते. कॉइलवर साठणारं हिम ठरावीक वेळाने हीटर वितळवतो. हा हीटर, त्याचा सेन्सर किंवा त्याला हुकूम देणारं कार्ड, यातलं एक जरी गेलं तरी हिम साठत जातं आणि हवेची वाट बुजते. फ्रीझर कॉइलला लागूनच असल्यामुळे तो बराच काळ तग धरतो, खालचा कप्पा मात्र आधी गरम होतो. तुमचं वर्णन तंतोतंत असंच आहे.

आता रात्रभर फ्रीज बंद ठेवला की ते सगळं हिम वितळून जातं. सकाळी चालू केला की हवा मोकळी फिरते, खालचा कप्पा गार. आम्ही हात लावून बघतो तर फ्रीज उत्तम! पुन्हा हिम साठायला काही दिवस लागतात आणि तोवर कंप्लेंट बंद झालेली असते.

तेव्हा आईंना सांगा, फ्रीज चालूच राहू द्या. पुसायचाच असेल तर काम झाल्यावर पुसा. मागचं पॅनेल काढलं की जे दिसतं तेवढ्यावर निम्मं निदान होतं. पूर्ण कॉइलवर जाड पांढरा थर असेल तर डीफ्रॉस्टचं काम बंद पडलंय किंवा दाराच्या रबरातून बाहेरची दमट हवा आत येतेय. कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्याच भागावर हिम आणि बाकी कोरडी असेल तर गॅस कमी झालाय. अजिबात हिम नसेल तर कॉम्प्रेसरपासून तपासायला सुरुवात. हे चित्र पुसून टाकलं की मागे उरतो नुसता अंदाज, आणि अंदाजाने बदललेल्या पार्टचे पैसे गिऱ्हाईकच भरतं.

सोनटक्का

पण काका, फ्रीझर भरलेला असेल तर तुम्ही पॅनेल काढणार कसं? मी तर आदल्या दिवशीच सगळं रिकामं करून ठेवते. आणि आमच्या एसीच्या कॉइलवर बर्फ जमला होता तेव्हा सर्व्हिसवाल्यांनीच फोनवर सांगितलं की एसी बंद ठेवा, बर्फ वितळू द्या.

पानापक्कड

सोनटक्काताई, दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. रिकामा करणं आणि बंद करणं यात फरक आहे एवढंच. आदल्या दिवसापासून सामान कमी करत आणा, पण फ्रीज चालू आणि दार बंद. उरलेलं सामान माणूस दारात आल्यावर काढलं तरी चालतं. एक मोठा टब आणि दोन जाड चादरी हाताशी असल्या की पाच मिनिटांचं काम. फ्रीझरमधले ट्रे आणि ड्रॉवर निघतात का, हे मात्र आधी बघून ठेवा. ते ओढताना क्लिप मोडल्या की वाईट वाटतं.

एसीचं गणित वेगळं. आमचं बहुतेक निदान गॅसचं प्रेशर आणि हवेचं तापमान मोजून होतं, आणि कॉइल गोठलेली असताना ते आकडे खरे येत नाहीत. बर्फ वितळायची वाट बघत आम्ही तासन्तास बसू शकत नाही. म्हणून एसीत बर्फ दिसला तर आधी जवळून आणि लांबून फोटो काढायचे, मग कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा. पुरावा फोटोत राहतो आणि कॉइल मोजमापाला तयार होते.

तिसरा_मजला

रानजाई, एक तातडीचं. खालच्या कप्प्यात औषधं आहेत का?

रानजाई

आहेत! आईच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या दाराच्या कप्प्यात असतात.

तिसरा_मजला

मग त्या आजच शेजाऱ्यांच्या चालू फ्रीजमध्ये हलवायला सांगा, परवाची वाट बघू नका. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. घाईघाईत वरच्या फ्रीझरमध्ये मात्र ठेवू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, वितळल्यावरही वापरता येत नाही. आणि इतके दिवस गरम कप्प्यात राहिलेल्या कुप्या वापरायच्या की नाही, हे डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारूनच ठरवा. माझ्या वडिलांमुळे या गोष्टीची मला फार काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहिलं.

दुरुस्तीच्या वेळचंही सांगते. फ्रीझर दार न उघडता बंद राहिला तर पूर्ण भरलेला साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास आतलं गोठलेलं ठेवतो. त्यामुळे पार्ट मागवावा लागला आणि फ्रीज एक रात्र बंद राहिला तरी घाबरायचं कारण नाही. खालच्या कप्प्याची मुदत मात्र जेमतेम चार तासांची, आणि तीही तो आधी नीट गार असेल तर.

धुणंधुनी

वॉशिंग मशीनबद्दल मी सांगते. त्या एरर कोडचा फोटो आईंना आत्ताच काढायला सांगा. मशीन बंद केली की कोड जातो आणि "काहीतरी इंग्रजी अक्षर होतं" एवढंच आठवतं.

कपडे परवापर्यंत पाण्यात ठेवू नका, वास सुटेल. फ्रंट लोडला पुढे खाली एका कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्याच्या आत ड्रेन फिल्टर. बऱ्याच मशीनमध्ये त्याच्या शेजारी बोटाएवढी बारीक नळीही असते. मशीन स्विचवरून बंद करायची, पाण्याचा नळ बंद करायचा, गरम पाण्यावर लावली असेल तर पाणी पूर्ण निवू द्यायचं. मग खाली पसरट ताट आणि फडकी ठेवून नळीचं बूच काढायचं. ताट भरलं की बूच लावायचं, ओतून यायचं, पुन्हा काढायचं. वेळ लागतो पण पाणी घरभर होत नाही. नळी नसेल तर फिल्टर एकदम काढायचा नाही, थोडा थोडा सैल करायचा. पाणी उतरलं की बहुतेक वेळा दाराचं लॉकही सुटतं.

आईंना वाकायला जमत नसेल तर शेजारचं कोणीतरी हे करू शकेल. फिल्टर साफ करणं हे मॅन्युअलमध्येच वापरणाऱ्याचं काम म्हणून दिलेलं असतं, त्याने वॉरंटीला धक्का लागत नाही. आमच्याकडे त्यातून केसांची पिन, शर्टाचं बटण आणि लहान बाळाचा मोजा निघाला होता, आणि मशीन त्यानंतर सुरळीत चालली. तुमचंही तेवढ्यावर भागेल कदाचित. न भागलं तर निघालेल्या वस्तू एका पिशवीत ठेवा आणि आलेल्या माणसाला दाखवा. पंपाच्या पात्यात काय अडकलं असेल हे त्याला त्यावरून कळतं.

मशीन भिंतीपासून ओढायला मात्र आईंना सांगू नका. आत काँक्रीटची वजनं असतात, पूर्ण मशीन ६०-७० किलोच्या घरात जाते. बाजूच्या बादल्या आणि साबणाचे डबे हलवले, मागचा नळ सहज बंद होतो का ते बघितलं, की पुरे.

कागदोपत्री

बिल आणि वॉरंटी कार्डाचे फोटो आईंच्या आणि तुमच्या दोघींच्या फोनवर ठेवा. मॉडेल आणि सिरीयल नंबरच्या स्टिकरचाही. फ्रीजचं स्टिकर बहुधा आतल्या बाजूच्या भिंतीवर असतं, मशीनचं दार उघडल्यावर दिसणाऱ्या कडेवर किंवा मागे. हा नंबर आजच सर्व्हिस सेंटरला कळवलात तर येणारा माणूस लागणारा पार्ट बरोबर घेऊन येण्याची शक्यता वाढते.

उंबरठा

आई एकटी असणार, यावर कोणी फारसं लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. माझी सासूही अशीच एकटी राहते.

तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून ठेवते. त्यात "फ्रीज बिघडलाय" असं नसतं. काय दिसतं, कधीपासून, आधी काय झालं होतं, एवढंच. तुमच्या बाबतीत असं लिहिता येईल: "खालचा कप्पा गरम, वर बर्फ होतो. मागच्या वेळी तपासायच्या आधी रात्रभर बंद ठेवला होता, म्हणून चालू दिसला. या वेळी बंद केलेला नाही. मागचं पॅनेल काढून बघावं." हे वाचून कुठलाही तंत्रज्ञ कामाला लागेल.

खाली तुमचा नंबर आणि एक वाक्य: "खर्चाचा कोणताही निर्णय मुलीशी बोलून." म्हणजे आईंना त्याच्यासमोर अवघडायला होत नाही. त्या वेळेत तुम्ही फोन जवळ ठेवा. दार उघडण्याआधी नाव आणि कंप्लेंट नंबर विचारायचा, ओळखपत्र बघायचं, चांगला माणूस याचा राग धरत नाही. पार्ट बदलला तर जुना परत मागून घ्यायचा. वॉरंटीत बदललेला जुना पार्ट काही कंपन्या घेऊन जातात, तेव्हा निदान फोटो काढायचा. आणि काम संपल्याची सही असो वा ओटीपी, मशीन एकदा पाणी भरून आणि सोडून दाखवल्याशिवाय द्यायचा नाही.

आणि त्याला हात धुवायला जागा आणि उजेड द्या. फ्रीजच्या मागे अंधार असतो, तिथे टॉर्च धरून उभं राहणारं कोणी असेल तर काम निम्म्या वेळात होतं.

चाकोरी

धाग्यात घुसतोय, माफ करा, पण विषय जवळचा आहे. माझी गाडी रोज सकाळी स्टार्ट व्हायला फार वेळ घेते, दिवसभर मग ठीक. मेकॅनिक उद्या घरी येतोय, चेक इंजिनचा दिवाही लागलाय. बॅटरीची वायर काढून लावली की दिवा जातो असं एकाने सांगितलं. करून ठेवू का?

गिअरबॉक्स

नका करू! वर फ्रीजबद्दल लिहिलंय तेच गाडीलाही लागू आहे. दिवा लागतो तेव्हा गाडीचा कॉम्प्युटर कोड साठवतो आणि त्याबरोबर त्या क्षणाची नोंदही ठेवतो: इंजिन किती गरम होतं, किती फिरत होतं, गाडीचा वेग किती. बॅटरी काढलीत किंवा स्वस्तातल्या स्कॅनरने कोड पुसलात तर बऱ्याच गाड्यांत ही सगळी माहिती जाते, आणि बिघाड तिथेच राहतो.

दुसरं म्हणजे उद्या सकाळी तो येईपर्यंत गाडी अजिबात सुरू करू नका. तुमची तक्रार थंड इंजिनची आहे. जागा बदलायला म्हणून एकदा चालू केलीत तर पुढचे काही तास तो त्रास त्याला दिसणारच नाही. म्हणून आज रात्रीच गाडी सपाट, टणक जमिनीवर लावा, बॉनेट पूर्ण उघडेल आणि दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील अशी. त्याच्या देखत पहिला स्टार्ट मारा, शक्य तर त्याचा व्हिडिओ आवाजासह घ्या.

चासी नंबरचा फोटो त्याला आजच पाठवा. १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, तेव्हा गोल दिसलं की ते शून्यच. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांना वेगळे पार्ट लागतात, ते या नंबरवरून कळतं. चाकाचं काम निघालं आणि तुमच्या चाकांना लॉकिंग नट असतील तर त्याची खास किल्ली डिकीत स्टेपनीजवळ आहे ना, तेवढं बघून घ्या.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. इन्सुलिन शेजारच्या काकूंकडे गेलं, डॉक्टरांनी जुन्या कुप्या वापरू नका म्हणून सांगितलं. काकूंच्या मुलाने फिल्टरही उघडला, आत एक नाणं आणि गुंतवळ निघाली. पाणी उतरलं, कपडे निघाले. रिकामी मशीन लावून बघितली तर अजून घरघर करते आणि पाणी हळू सोडते, म्हणून तिची कंप्लेंट तशीच ठेवली आहे.

एक शंका उरली आहे. सर्व्हिस सेंटरमधून आत्ता फोन आला होता, "खालचा कप्पा गार होत नाही म्हणजे गॅस भरावा लागेल, तयारी ठेवा" म्हणाले. आईने काय म्हणायचं?

पानापक्कड

फोनवर गॅसचं निदान होत नाही, ताई. वर नीट बर्फ होत असेल तर पहिला संशय हवेच्या वाटेवर. आईंनी एवढंच म्हणायचं, "आधी पॅनेल उघडून कॉइल दाखवा, मुलीला फोटो पाठवा." तो फोटो इथे टाका, मीही बघेन.

आणि खरंच गॅस कमी निघाला तर लक्षात ठेवा, फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही, बंद नळ्यांत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. गळती शोधून बंद केल्याशिवाय नुसता भरून घेऊ नका, काही महिन्यांत पुन्हा तेच होईल. स्टिकरवर गॅसचं नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं, तेवढाच वजन काट्यावर मोजून भरायचा. नाव आर६००ए असेल तर तो ज्वलनशील आयसोब्युटेन आहे. प्रमाण कमी असतं, घरगुती फ्रीजमध्ये बहुधा शंभर ग्रॅमच्या आत, तरी काम चालू असताना खिडक्या उघड्या, गॅसची शेगडी बंद आणि देवापुढचा दिवा शांत केलेला, हे आईंना आठवणीने सांगा.