डिफेक्ट म्हणजे भेसळ नाही हो

वरती कुणीतरी लिहिलंय की लिक्विड क्रिस्टलमधे (द्रवासारखं वाहणारं, पण रेणू रांगेत असलेलं द्रव्य) डिफेक्ट, म्हणजे रेणूंची दिशा ठरवता येत नाही अशी जागा, दिसला म्हणजे माल भेसळीचा असणार. अहो नाही, एकदम शुद्ध माल घेतला तरी येतात. नेमॅटिक नावाच्या साध्या प्रकारात रेणू काड्यांसारखे, साधारण एका दिशेला झोपलेले, पण त्या दिशेला डोकं-शेपूट नाही, बाण नाही नुसती रेघ. नुसत्या रुळाकडे बघून चर्चगेटकडे जातोय की विरारकडे सांगता येतं का, तसंच. आणि रेघ असल्यामुळेच ती अर्धा फेरा मारूनही स्वतःवर जुळते, म्हणून +१/२ आणि -१/२ असे अर्धे डिफेक्ट मिळतात (डिफेक्टभोवती चक्कर मारताना रेघ आपल्याच दिशेने अर्धा फेरा फिरली तर +, उलट फिरली तर -), बाणांना हे जमणारच नाही. बघायचंय? रेशनच्या मशीनवर अंगठा लावता ना, त्या ठशात रेघा जिथे वळसा घेऊन परत फिरतात तो +१/२, आणि तीन बाजूंनी येऊन त्रिकोण होतो तो -१/२.

खरी गंमत गणितात आहे. ओसीन-फ्रँक हे लिक्विड क्रिस्टलचं गणिती मॉडेल (फ्रँकचा पेपर १९५८ चा) प्रत्येक ठिकाणी फक्त दिशा धरतं, मग अशा डिफेक्टच्या गाभ्यात एनर्जी थेट इन्फिनिटीला. द जेन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी (१९९१ चं फिजिक्सचं नोबेल) त्याऐवजी क्यू-टेन्सर घेतला, म्हणजे आकड्यांचा ३×३ चा तक्ता, सिमेट्रिक (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखेच आकडे), ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज) शून्य, म्हणजे स्वतंत्र पाच आकडे, त्यात दिशेबरोबर रेणू किती शिस्तीत रांगेत आहेत तेपण येतं, त्यामुळे गाभ्यात शिस्त मोडायची मुभा मिळते आणि एनर्जी आटोक्यात राहते. फक्त कॉम्प्युटरवर सोडवताना तिथे मेश (जागेचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) बारीक घ्या, गाभा जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो, मी एकदा आळस केला आणि अख्खा डिफेक्टच मेशच्या रेघेला चिकटून बसला, दोन दिवस कोडमधे बग शोधत होतो.