मदत हवी आहे: खासदाराचं मत कुठे सापडेल?

मंडळी, आमच्या खासदारांनी मोठ्या विधेयकांवर नेमकं काय मत दिलं ते शोधतेय. पीआरएसच्या (संसदेच्या कामाची माहिती देणारी संस्था) साइटवर हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग मिळाला. मतदान नाही.

२०२० चे कृषी कायदे आवाजी मतदानाने झाले, तिथे नावनिशी नोंदच नाही. (२०२१ मध्ये रद्दही तसेच झाले!) पण महिला आरक्षण सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ ने, वक्फ विधेयक एप्रिल २०२५ मध्ये २८८ विरुद्ध २३२ ने मंजूर झालं. म्हणजे मतविभाजनाची (कोणी बाजूने, कोणी विरोधात मत दिलं त्याची) यादी असणारच. लोकसभेच्या कामकाजाच्या पीडीएफ चाळून डोळे दुखले. यादी कुठे असते? तटस्थ कोण आणि गैरहजर कोण, हे त्यात कळतं का? व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) असतो हे माहीत आहे, तरी बघायचंय.